आधी कव्हर, मग हीटर

अगं, पूलला हीटर बसवायचं तुम्ही मनावर घेतलंत, फार चांगलं केलंत. एवढा खर्च करून बांधलेला पूल नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसता खिडकीतून बघायचा, याला काही अर्थ नाही. मुलं पायऱ्यांवर पाय बुडवतात आणि काकडत परत येतात. सासूबाईंना गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सांगितलाय, तो १८ अंशांच्या पाण्यात त्या कशा करणार? तेव्हा हीटर घ्याच. फक्त कोटेशनवर सही करायच्या आधी जरा माझ्याजवळ बस. विकणारा येतो तो थेट मशीनचं चित्र दाखवतो. मी तुला आधी पाण्याचं सांगते.

तुमचा पूल २६ फूट लांब, १३ फूट रुंद, आणि एका टोकाला साडेतीन तर दुसऱ्या टोकाला साडेपाच फूट खोल. सरासरी साडेचार फूट धर. म्हणजे सुमारे ४३ हजार लिटर पाणी झालं. एक हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, हा आकडा बदलत नाही. तुमच्या पूलसाठी तो अंशाला ५० युनिट येतो. १८ वरून २८ अंशांवर न्यायचं तर ५०० युनिट. हा ५० चा आकडा डोक्यात पक्का बसव. पुढे कोणीही काहीही सांगितलं तरी त्यावर घासून बघता येईल.

आता ही उष्णता जाते कुठे ते बघ. लोकांना वाटतं जमिनीत, भिंतींत मुरते. तिथे थोडीच जाते. उघड्यावरच्या पूलमधली सर्वांत जास्त उष्णता वरून जाते, वाफ होऊन. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. तुमच्या पूलची पातळी नुसती अडीच मिलिमीटर उतरली तरी सगळंच्या सगळं पाणी एका अंशाने गार झालेलं असतं. आणि आपल्याकडचा हिवाळा कोरडा. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते तशा रात्री, वर मोकळं आकाश, त्यात वारा. कोमट पाण्याचा उघडा पूल एका दिवसात चार-पाच मिलिमीटर सहज उतरतो. म्हणजे दोन अंश गेले. शंभर युनिट उष्णता हवेत, आणि उद्या सकाळी पुन्हा तेवढीच द्यायची.

म्हणून सांगते, पहिला खर्च कव्हरचा कर. बबल कव्हर मिळतं, निळं, खालून फुगे असलेलं. फुग्यांची बाजू पाण्याकडे ठेवायची. पूलच्या मापाने कापून घ्यायचं आणि गुंडाळायला रोलर घ्यायचाच. रोलरचे पैसे वाचवलेस तर आठ दिवसांत ते कव्हर भिंतीशी घडी होऊन पडेल, कारण ओलं कव्हर दोघांनी ओढत बसायला रोज कोणाला वेळ आहे? कव्हर नसताना हीटर लावणं म्हणजे झाकण न घालता मोठ्या पातेल्यात डाळ शिजत ठेवणं. चांगलं कव्हर नियमाने घातलं तर तापवण्याचा खर्च निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. माझ्या मते हीटरच्या निवडीपेक्षा हा निर्णय मोठा आहे. म्हणूनच मी तो आधी सांगतेय.

तुमच्या आर्किटेक्टने पूलच्या एका बाजूने पाणी सांडत राहील अशी कड केलीय आणि भिंतीवरून छोटा धबधबाही सोडलाय. सुंदर दिसतं, मला मान्य आहे. पण तिथे पाणी पातळ पडद्यासारखं हवेत पसरतं आणि भराभर गार होतं. थंडीत ते दोन्ही बंद ठेव. पाहुणे आले की तासभर सुरू कर. आणि पश्चिमेकडून वारा थेट पाण्यावर येत असेल तर तिथे घनदाट मेंदीचं कुंपण लाव, नाहीतर जाळीला शेडनेट बांध. पाण्याच्या पृष्ठभागावरचा वारा तोडला की फरक लगेच जाणवतो.

एक तपासणी आजच करून टाक. पायरीवर एक बादली ठेव, आत पूलचंच पाणी भर आणि बादलीच्या आतली पातळी बाहेरच्या पातळीशी जुळव. दुसऱ्या दिवशी दोन्ही बघ. बादलीत जेवढं उतरलं तेवढंच पूलमध्ये उतरलं असेल तर ती वाफ. पूलमध्ये जास्त उतरलं असेल तर गळती आहे. गळका पूल तापवू नकोस गं, आधी ती गळती काढून घे.

आता पाणी किती गरम हवं? हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा. स्पर्धेच्या पूलमध्ये पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. पोहणाऱ्या माणसाला तेवढं छान वाटतं. लहान मुलं खेळतात जास्त, पोहतात कमी, त्यामुळे त्यांना २९-३० बरं. सांधेदुखीच्या व्यायामाला त्याहून कोमट, ३३-३४ च्या आसपास लागतं. पण सासूबाईंच्या अर्ध्या तासासाठी ४३ हजार लिटर पाणी ३४ वर ठेवू नकोस. पाणी जितकं गरम तितकी वाफ जास्त, आणि वरचा प्रत्येक अंश खालच्यापेक्षा महाग पडतो. २९-३० वर ठेव, त्यांना दुपारी तीन-चारच्या सुमारास उन्हात उतरव, बाहेर येताच अंगावर पंचा आणि गरम कपडे तयार ठेव. त्यांना बीपीचा त्रास आहे, म्हणून डॉक्टरांना एकदा पाण्याच्या तापमानासह विचारून घे.

बरं, आता मशीनकडे येऊ.

सगळ्यात स्वस्तात मिळतो तो कॉइलचा इलेक्ट्रिक हीटर. आपल्या गिझरचाच मोठा भाऊ. एक युनिट वीज घेतो, एक युनिट उष्णता देतो. म्हणजे दहा अंश चढवायला सरळ ५०० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात ५०० युनिटच्या वरचा टप्पा सगळ्यात महाग, आणि तुम्ही एकाच तापवण्यात तिथे पोचाल. छोट्या टबसाठी, जकुझीसाठी तो ठीक आहे. तुमच्या पूलसाठी त्याचा विचारही करू नकोस, कितीही स्वस्त देऊ केला तरी.

गॅसचा हीटर जोरकस असतो. शुक्रवारी संध्याकाळी लावला तर शनिवारी पोहता येतं. ज्यांचं फार्महाउस आहे, महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच जातात, त्यांना तो चालतो. पण दहा अंशांसाठी १९ किलोचे साधारण अडीच व्यावसायिक सिलिंडर लागतील. रोज वापरणाऱ्या घराला हे परवडणारं नाही. शिवाय एक धोका आहे, तो मोठ्याने सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. आपल्याकडे बहुतेक बंगल्यांत पंपरूम जमिनीखाली खड्ड्यात असते, वर लोखंडी झाकण. तुमचीही तशीच आहे. अशा खड्ड्यात गॅसचं कुठलंही उपकरण कधीच बसवायचं नाही, कोणी कितीही ‘काही होत नाही ताई’ म्हटलं तरी. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास येतो.

मग सोलर. गच्चीवर काळ्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या बारीक नळ्यांच्या चटया अंथरतात, फिल्टरमधून आलेलं पूलचं पाणी त्यातून फिरवतात. वर काच नसते, रचना साधी, चालवायचा खर्च जवळपास काहीच नाही. पण जागा खूप लागते. पूलच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यापासून ते पूर्ण एवढी. तुमच्या बाबतीत १७० ते ३४० चौरस फूट, दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही अशी. अंघोळीच्या पाण्याचा नळ्यांचा सोलर मात्र या कामाला थेट जोडू नकोस. त्यातून क्लोरीनचं पाणी फिरवायचं नसतं, मध्ये वेगळा हीट एक्स्चेंजर घालावा लागतो.

आणि आता माझं मत ज्या बाजूने आहे ते: हीट पंप.

तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून उचलून पाण्यात आणून टाकतो. एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो ना, तसंच काम, उलट दिशेने. म्हणून एका युनिट विजेत तो चार-पाच युनिट उष्णता देतो. तुमच्या ५०० युनिटच्या कामाला विजेचे १००-१२५ युनिट. घ्यायला महाग आहे, लाखांत जातो, हे खरं. पण रोज वापर असलेल्या घरात वसूल होतो.

नाशिकसाठी तो मला इतका पटतो त्याचं कारण आपल्या हवेत आहे. आपल्याकडे थंडी रात्रीची. पहाटे १० अंश असले तरी दुपारी २७-२८ असतात. हीट पंपला हवा जितकी उबदार तितकं काम सोपं. तेव्हा रोजच्या वापरात तो रात्री चालवूच नकोस. सकाळी दहा-अकराला सुरू, संध्याकाळी पाचला बंद, आणि लगेच कव्हर. रात्री फिल्टरची मोटार चालवायची सवय असेल तर तीही दुपारी आण, कारण मोटार चालू असल्याशिवाय हीट पंपला पाणीच मिळत नाही. दुपारच्या उन्हाने पाणी थोडं आपोआपही तापतं, ते वेगळंच.

कॅटलॉग बघताना मात्र डोळे उघडे ठेव. प्रत्येक मशीनला दोन-तीन आकडे दिलेले असतात. मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा हवा २६ अंश, पाणी २६ अंश, दमट हवा, अशा सोयीच्या स्थितीतला. त्याच्याखाली लहान अक्षरात हवा १५ अंश असतानाचा आकडा असतो. तू दुसरा आकडा धरून मशीन निवड. आणि विचार की सांगताय ते किलोवॅट उष्णतेचे की विजेचे? यात बरीच गल्लत होते. तुमच्या पूलला १५ अंशांच्या हवेत १५ ते १७ किलोवॅट उष्णता देणारा पुरेल. तो वीज साधारण साडेतीन किलोवॅट खाईल. हंगामाच्या सुरुवातीला पहिल्यांदा १८ वरून २८ वर नेताना त्याला दोन-तीन दिवस जवळजवळ सलग चालू द्यावं लागेल. नंतर कव्हर नियमाने घातलंत तर रोजचे चार-पाच तास बस झाले. आतली नळी, म्हणजे हीट एक्स्चेंजर, टायटॅनियमची आहे ना हे लेखी घे. तांब्याची असेल तर क्लोरीन आणि आम्लाने झिजते, पाणी हिरवट होतं, टाइल्सवर डाग पडतात. कंप्रेसरची वॉरंटी किती, टायटॅनियमची किती, आणि नाशिकमध्ये दुरुस्तीला माणूस कोण, हेही कोटेशनवर लिहून दे म्हणावं.

गच्ची मोकळी आहे म्हणालीस, तर आणखी एक सुचवते. ३०० चौरस फुटांत वीज तयार करणारे सोलर पॅनेल साधारण ३ किलोवॅटचे बसतात आणि दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज देतात. ती हीट पंपला दिली की ५०-६० युनिट उष्णता झाली, म्हणजे कव्हर घातलेल्या तुमच्या पूलची रोजची गरज. रबरी चटया मार्च ते ऑक्टोबर नुसत्या पडून राहतील, पॅनेलची वीज मात्र नेट मीटरिंगमधून बाराही महिने घराच्या बिलातून वजा होत राहील. बजेट कमी असतं तर मी चटयाच सांगितल्या असत्या. तुमचं तसं नाही, तेव्हा गच्ची पॅनेलला दे.

बसवताना तू स्वतः हजर राहा. तुझ्या घरच्यांना ऑफिस असतं आणि प्लंबर त्याच्या सोयीने जोडून निघून जातो. मशीन उघड्यावर हवं, पंपरूममध्ये नको. ते गार हवा बाहेर फेकतं. बंद जागेत तीच गार हवा पुन्हा ओढत राहिलं तर काही तापणार नाही. मागे-पुढे किती जागा सोडायची ते पुस्तिकेत असतं, तेवढी मोजून सोड. खाली सपाट सिमेंटचा ओटा हवा. सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीपासून आणि शेजाऱ्यांच्या भिंतीपासून लांब, कारण पंख्याचा आवाज येतोच.

पाण्याचा क्रम पाठ कर: आधी मोटार, मग फिल्टर, मग हीटर, आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन. क्लोरीन सोडायचं यंत्र हीटरच्या आधी जोडलं तर तीव्र पाणी थेट मशीनच्या पोटात जातं. हीटर आणि क्लोरीनच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, म्हणजे मोटार बंद झाल्यावर ते मागे सरकणार नाही. याच कारणाने स्किमरच्या टोपलीत क्लोरीनच्या गोळ्या टाकून ठेवायची सवय सोड. हीटरला तीन व्हॉल्व्हचा बायपास करून घे आणि दोन्ही बाजूंना युनियन. उन्हाळ्यात हीटर वगळून पाणी फिरवता येतं, दुरुस्तीला पाइप कापावे लागत नाहीत.

पहिल्या दिवशी मशीनमधून येणाऱ्या पाण्याला हात लावून ‘हे तर गारच आहे’ असं म्हणू नकोस. आपल्याला गिझरची सवय असते. इथे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात जेमतेम दोन अंशांचा फरक असायला हवा. भरपूर पाणी सारखं फिरत राहतं आणि त्यातूनच पूल तापतो. ३५ वर सेट करून लवकर तापत नाही, तेव्हा हवं तेवढंच सेट कर. मशीनखाली पाणी ठिबकताना दिसलं तरी घाबरू नकोस. हवेतलं बाष्प गार नळ्यांवर जमून पडतं. खात्री करायची तर हीट पंप बंद करून फक्त मोटार चालू ठेव. ठिबकणं थांबलं तर ते बाष्पच, थांबलं नाही तर प्लंबरला बोलव.

पाण्याची राखणही आता बदलेल. कोमट पाण्यात क्लोरीन लवकर संपतं, शेवाळ लवकर धरतं, त्यामुळे तपासणी वाढव. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेव. तुमचं बोअरचं पाणी जड आहे, गिझरच्या कॉइलवर कसा पांढरा थर चढतो ते तू बघतेसच. तोच थर इथे नळ्यांत बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. हीटर घ्यायच्या आधी पाण्याचा जडपणा प्रयोगशाळेत तपासून घे, आणि शक्य असेल तर हिवाळ्यातली भर नळाच्या पाण्याची घाल.

मला सगळ्यात जास्त काळजी मुलांची आहे. आतापर्यंत थंडीच मुलांना पूलपासून लांब ठेवत होती. पाणी कोमट झालं की ती हिवाळ्यातही कधीही तिकडे धावतील. पूलभोवती कुंपण आणि आपोआप बंद होणारं, वर कडी असलेलं दार हीटरच्या आधी होऊ दे. आणि बबल कव्हर हे संरक्षण आहे असं कोणालाही वाटू देऊ नकोस. त्यावर पाय ठेवलेलं मूल आत जातं आणि कव्हर वरून बंद होतं, कोणाला दिसतही नाही. पोहताना कव्हर अर्धं काढून चालणार नाही, पूर्ण गुंडाळायचं. हे मुलांना, कामाच्या मावशींना, माळीदादांना, सगळ्यांना नीट सांग.

आता या आठवड्यात एवढं कर. कव्हर मागव. दहा-बारा रुपयांच्या वहीत रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला पाण्याचं तापमान लिही, चार दिवस कव्हरशिवाय आणि चार दिवस कव्हर घालून. ते आकडे हातात असले की कोणता विक्रेता खरं बोलतोय ते तुला लगेच कळेल. महावितरणकडे मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघ, वाढवायचा असेल तर अर्ज आताच टाक. तुमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, ते कंप्रेसरला सोसत नाही, म्हणून त्याला संरक्षण देणारं यंत्र लावून घे. हीट पंपला स्वतंत्र केबल, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पूलभोवतीची शिडी, रेलिंग असं सगळं धातूचं सामानही एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेलं हवं. ओल्या अंगाने तुझी लेकरं तिथे वावरणार आहेत. इलेक्ट्रिशियनने तुझ्यासमोर त्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून, वीज तुटते हे दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नकोस.